चिपाडाची भिंत

तुम्ही रोज पेपर वाचता, कुठंतरी पूल खचलेला असतो, कुठंतरी इमारत कललेली असते, आणि मग माझ्याकडं बघून म्हणता, काय हो, तुम्ही इंजिनीअर लोकांनी काय चालवलंय? बसा जरा. चहा घ्या आणि ऐका. माझी भिंत पडली नाही, कलली नाही, तिला साधी चीरसुद्धा गेली नाही. तरीपण तिच्यापायी माझी जी शोभा झाली, ती पूल पडून झाली नसती.

सालं सत्तरच्या आसपासची. मी नुकताच डिप्लोमा काढून कोल्हापुरात एका कंत्राटदाराकडं चिकटलो होतो. गॉगल घ्यायची ऐपत नव्हती, पण चाल गॉगल घातल्यासारखी होती. आणि मला लहानपणापासून एक खोड. कुठलीही गोष्ट दिसली, की ती तशी का, हे कळल्याशिवाय मला घास गिळायचा नाही. माठातलं पाणी गार का? घोंगडं पांघरलं की ऊब येते, ती घोंगड्यातनं येते की आपल्यातनं? आई म्हणायची, "दत्त्या, आधी जेव. घोंगडं कुठं पळून जात न्हाय."

माझ्या मामांचं गाव पेठ वडगावच्या अलीकडं. मामा गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. तेव्हा गावोगाव अशा संस्था निघत होत्या. सकाळचं दूध शहरात जायचं, पण संध्याकाळचं सकाळपर्यंत टिकवायचं कसं, हा सगळ्यांपुढं प्रश्न. मग वरून ठरलं, की त्या भागातल्या एका गावाला दूध गार ठेवायचं यंत्र द्यायचं. यंत्र वरून येणार, खोली गावानं बांधायची. मात्र खोली कशीही चालणार नाही. भिंत दुहेरी पाहिजे, दोन भिंतींच्या मधे पोकळी, आणि त्या पोकळीत उष्णता अडवणारं काहीतरी भरलेलं. बाहेरची ऊब आत शिरता कामा नये. साहेब येऊन तपासणार. खोली पास झाली तर यंत्र आपलं. नापास झाली तर ओढ्यापलीकडच्या गावाचं.

आता ओढ्यापलीकडचं गाव म्हणजे काय, हे तुम्हाला कसं कळणार? कुस्तीचं मैदान असो नाहीतर बैलांच्या शर्यती, मामांच्या आडवं तेच गाव यायचं. त्यांचा चेअरमन रस्त्यात दिसला, तर मामा सायकल वळवून घ्यायचे.

मामांनी मला बोलावून घेतलं. मामींनी पिठलं-भाकरी वाढली, आणि दाराआड शालन उभी होती. शालन म्हणजे मामांची मुलगी. आमच्याकडं मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क पहिला. पाळण्यात असल्यापासून दोन्ही घरांनी ते धरूनच चाललेलं असतं. मीही धरून चाललो होतो. शालन काय धरून चालली होती, ते विचारायचं धाडस मला नव्हतं. तिची जीभ जरा तिखट होती.

मामा म्हणाले, "हे बघ दत्तू. गावातली माणसं म्हणत्यात, शेरातला मोठा इंजिनीअर आणा. मी म्हटलं, माझा भाचा काय मेलाय? तवा खोली तू बांधायची. पास झाली, की उद्घाटनाच्या मांडवातच सुपारी फोडू."

"आणि नापास झाली तर?"

"तर चार गावात माझं नाक कापलं जाईल. मग जावई म्हणून तुला कुणाफुडं उभा करू?"

म्हणजे बघा, भिंतीत माझा संसार चिणलेला. मी तिथंच हात धुतले आणि कामाला लागलो.

पुस्तकात लिहिलं होतं, पोकळीत बुचाच्या लाद्या बसवा, नाहीतर थर्माकोल भरा. दोन्ही मुंबईवरनं यायचं, आणि ते येईपर्यंत साहेब येऊन गेला असता. पण पुस्तकात त्यामागचं कारणही दिलं होतं, आणि ते वाचून मला रात्रभर झोप आली नाही. उष्णता अडवतं ते बूच नव्हे, बुचात अडकलेली हवा! घोंगड्याचं कोडं सुटलं की हो. घोंगडं ऊब देत नाही, आपलीच ऊब त्यातली हवा अडवून धरते. म्हणजे ज्यात हवा कोंडून राहते असं काहीही चालेल. मग आपल्याकडं असं काय मिळतं?

गुऱ्हाळाचे दिवस होते. मी मामांबरोबर रस प्यायला गेलो, आणि चरकाच्या पलीकडं चिपाडांचा डोंगर बघून हातातला पेला तसाच राहिला. रस काढून झालेला ऊस. हलका, भुसभुशीत, धाग्याधाग्यात हवाच हवा. आणि फुकट!

गुऱ्हाळवाला म्हणाला, "वाळल्यालं मातुर द्याचा न्हाय. त्ये चुलवाणात जाळायला लागतंय. ह्ये ताजं न्या की, लागंल तेवढं."

ताजं तर ताजं. भिंतीत जाऊन वाळेल, मी मनात म्हटलं. आता कुणी म्हणेल, बंद भिंतीत ते वाळणार कसं? मला तेव्हा कुणी म्हणालं नाही. आणि सगळ्यांना का, कशाला विचारत फिरणाऱ्या मला स्वतःला हा एवढाच प्रश्न पडला नाही.

गवंडी होते इमामभाई. माणूस उत्साही, माझ्याहून काकणभर जास्तच. पुस्तकात पोकळी चार बोटांची होती. मामा म्हणाले, "पुस्तकापरमाणं तर वड्यापल्याडचं बी करतील. आपलं जादा ठेव." इमामभाई म्हणाले, "सायेब, हातभर ठेवू. एकदम किल्ल्यासारखं काम." ठेवली हातभर. गाड्यागाड्यांनी चिपाड आलं. इमामभाईंची माणसं पोकळीत उतरून ते पायांनी तुडवत होती, मी वरून म्हणत होतो, अजून दाबा, अजून. वर छताजवळ बारीक भोकं ठेवली, भिंतीला दम लागू नये म्हणून.

शालन पाणी घेऊन आली होती. तिनं चिपाडाचा एक धागा चोखून बघितला. "ह्ये गोड लागतंय. मुंग्या लागतील की."

"लागल्या तर लागू देत," मी म्हटलं. "मुंग्या काय येताना उष्णता घेऊन येत नाहीत."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, विद्वत्तेनं दिपली.

खोली झाली, गिलावा झाला, दाराला कुलूप लागलं. किल्ली मी मामांच्या हातात दिली आणि बजावलं, साहेब येईपर्यंत दार उघडायचं नाही. आतला गारवा बाहेर जाईल. शालन म्हणाली, "आत गारवा आला कुठनं?" मी म्हटलं, "येईल." आणि कोल्हापूरला निघून आलो.

पंधरवड्यानं परत गेलो. थंडीची सकाळ, सगळ्यांच्या तोंडातनं वाफा निघत होत्या. मी लांबूनच खोली बघितली, आणि तिच्या भिंतीला पाठ लावून गावातली म्हातारी माणसं ओळीनं बसलेली. घोंगडी गळ्यापर्यंत नव्हे बरं का, मांडीवर घडी करून ठेवलेली! त्यांच्या पायाशी दोन मांजरं आणि एक कुत्रं, तिघंही एकमेकांशी न भांडता झोपलेली.

मला भरून आलं. म्हटलं, गावाला केवढा अभिमान वाटतोय आपल्या खोलीचा. येऊन बसतात बिचारे.

तातोबा आबा सगळ्यांत वडीलधारे. ते म्हणाले, "या भाचं. लई झ्याक भित बांधलीसा. आमी आता देवळात जातच न्हाय, हितंच बसतोय."

"आवडली ना?"

"आवडायला काय झालं? पाठ धरल्याली मोकळी झाली की माझी."

मी हात लावून बघितला. भिंत चांगली ऊबदार लागली. आता इथं कुठल्याही शहाण्या माणसाच्या मनात पाल चुकचुकली असती. माझ्याही मनात प्रश्न आला, नाही असं नाही. ऊन तर अजून पडलेलं नाही, मग ही ऊब कुठली? मी तिथंच उकिडवा बसलो आणि विचार करायला लागलो. आणि सांगतो, उत्तर मिळाल्यावर मला एवढा आनंद झाला, की मी आबांचा हात हातात घेतला.

"आबा, कालचं ऊन या भिंतीवर पडलं. बरोबर? साधी भिंत असती तर ते आत गेलं असतं. पण आपल्या भिंतीनं त्याला आत जाऊ दिलं नाही. मग ते जाणार कुठं? बाहेरच थांबलं. तीच ही ऊब!"

आबांनी मान डोलावली. "व्हय, व्हय. बिचारं जाईल कुठं."

मग मागच्या बाजूला गेलो, तर बायका भिंतीवर शेणी थापत होत्या. माझ्या भिंतीवर! मी ओरडणारच होतो, पण त्यातली एक म्हणाली, "आवो भाऊजी, लई बेस हाय ही भित. ढगाळ असलं तरी शेणी वाळत्यात." मग त्यांनाही मी तेच समजावून सांगितलं. बाहेरची उष्णता बाहेरच राहते. त्यांना पटलं. मला तर फारच पटलं. पलीकडं एका बाळंतिणीनं दुपटी वाळत टाकलेली होती, तिलाही सांगितलं.

हवेत जरा आंबूस वास होता. गुऱ्हाळ जवळ होतं, तिकडचाच असणार. भिंतीवरच्या भोकांपाशी मुंग्यांची वर्दळ होती. ती मी बघितली नाही असं ठरवलं.

दुपारी जेवताना शालन म्हणाली, "त्या खोलीचं जरा बोलायचं होतं. आत लई..."

"शालन," मी म्हटलं, "हे शास्त्र आहे. साहेब उद्या येतायत. त्यांच्यासमोरच बोलू."

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्या पानात दही वाढलं. दही असं होतं, की वाटी उपडी केली तरी हलायचं नाही. थंडीच्या दिवसांत एवढं घट्ट दही! मी मामींना म्हटलं, मामी, विरजण काय लावता हो तुम्ही? मामी आणि शालन एकमेकींकडं बघून हसल्या. ते विरजण कुठं ठेवता, हे मी त्या दिवशी विचारलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण नेमकं तेव्हाच माझं लक्ष दुसऱ्या वाटीकडं गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पुण्याकडचे, उंच, शांत, खिशात थर्मामीटर. मामांनी फेटा बांधलेला. सगळं गाव जमलेलं, आणि ओढ्यापलीकडचा चेअरमनही सायकलवरून "सहज" आलेला.

साहेब भिंतीपाशी गेले. म्हातारी मंडळी त्यांना जागा द्यायला सरकली, पण उठली नाहीत.

"हे लोक इथं का बसलेत?" साहेबांनी विचारलं.

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. "साहेब, हात लावून बघा. ही भिंत बाहेरची उष्णता आत घेतच नाही. ती बाहेरच अडते. म्हणून बाहेरून ऊबदार आणि आतून गार. लोकांना ते आपोआप कळलेलं आहे."

साहेबांनी हात लावला. मग दुसरा हात लावला. मग सावलीतल्या बाजूला, उत्तरेला, जाऊन हात लावला. उत्तरेच्या भिंतीवर थंडीत ऊन पडत नाही हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. साहेब वळून दारापाशी आले. "दार उघडा," म्हणाले.

मामांनी मोठ्या थाटात कुलूप काढलं.

आतनं जो वाफारा आला, तो सरळ माझ्या तोंडावर. न्हाणीघरात बंब पेटवून कुणीतरी दार उघडावं, तसा. आणि आत काय होतं म्हणता? भिंतीकडेला ओळीनं गाडगी. दह्याची गाडगी, आंबिलीची गाडगी, आंबोळीच्या पिठाची पातेली, पीठ फुगून कडेवरून खाली आलेलं. गल्लीतल्या यच्चयावत घरांचं भांडं तिथं होतं. कोपऱ्यातल्या पाटीत एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिनं आमच्याकडं असं बघितलं, की जणू आम्हीच दार न वाजवता घुसलो होतो.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

मी मामांकडं बघितलं. मामांनी मामींकडं. मामी पदर सावरत म्हणाल्या, "आत ऊब चांगली हुती, म्हणून किल्ली घेऊन मीच ठेवलं. मग शेजारणी बी आल्या. आता कुणाला न्हाय कसं म्हणायचं?"

"अगं पण ही गार खोली हाय!" मामा.

"त्ये म्हायती हाय की आमाला. आमी म्हटलं, आधी गरम करत असतील, आन् मग यंत्र आलं की गार करत असतील. इंजिनीअर घरातला, आपण कशाला मधे बोला?"

साहेबांनी थर्मामीटर आत टांगलं, बाहेर टांगलं, दोन्ही बघितलं आणि खिशात ठेवलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमानं म्हणाले, "तरुण माणसा, तुमची भिंत उत्तम आहे. उष्णता अडवते, यात वादच नाही. फक्त ती तुम्ही आत अडवलीत."

ओढ्यापलीकडचा चेअरमन तोंडाला रुमाल लावून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. यंत्र त्याच्या गावाला गेलं, हे साहेबांनी तिथंच सांगून टाकलं.

आता मी काय करायला पाहिजे होतं? मामांचे पाय धरायला पाहिजे होते. शालनकडं बघायला पाहिजे होतं. निदान मान तरी खाली घालायला पाहिजे होती. पण माझ्या डोक्यात एकच भुंगा. ही ऊब आली कुठनं? मी इमामभाईंच्या हातातली पहार घेतली आणि भिंतीची एक वीट उचकटली. आतनं वाफ निघाली, आणि असा हातभट्टीसारखा वास सुटला, की मागच्या रांगेतली दोन माणसं आपोआप पुढं आली. मी आत हात घातला आणि चटका बसून बाहेर काढला. चिपाडातला उरलेला रस आंबला होता. शेणखताचा ढीग तापतो तसं ते सगळं आतल्या आत तापत बसलं होतं, आणि हातभर जाडीच्या पोकळीतनं ती ऊब हलायला तयार नव्हती.

"मामा!" मी आनंदानं ओरडलो. "सापडलं! आंबतंय! आंबताना ऊब सुटतीय!"

मामांनी फेटा काढून काखेत मारला आणि घराकडं चालायला लागले.

संध्याकाळी मामांच्या घरी सोप्यावर मी एका कडेला बसलो होतो, बोट भाजलेलं, त्याला मामींनी दही लावलेलं. तेच दही. मामांनी फेटा खुंटीला अडकवला. मग म्हणाले, "यंत्र तिकडं गेलं. आता पोरगी बी तिकडंच बघतो. वड्यापल्याड चांगली घरं हाईत. दूध तरी गार मिळंल तिला."

त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं, की मी शालनला नुसतं धरून चाललो नव्हतो. ती मला हवी होती. पण बोलायला तोंड कुठं राहिलं होतं? आयुष्यात पहिल्यांदाच मला एकही प्रश्न सुचेना.

दाराआडून शालन बाहेर आली. "मला गार दूध आवडत न्हाय," ती म्हणाली.

मामा वर बघायला लागले. "म्हंजे?"

"म्हंजे मी ह्यांच्यासंगं लगीन करतो. ह्यांची भित बिघडली, माणूस न्हाय बिघडल्याला. सगळ्या गावाफुडं फजिती झाली तरी भितीत हात घालून बगत हुतं, ऊब कुठनं येती म्हणून. असला माणूस निदान बायकोला तरी इचारंल, तुला काय झालंय म्हणून."

मामी पदरानं डोळे पुसायला लागल्या. मामांनी घसा खाकरला, छपराकडं बघितलं, पुन्हा घसा खाकरला. मला तर रडू फुटायच्या बेतात होतं.

"पर माझी एक अट हाय," शालन म्हणाली.

"बोल की," मी म्हटलं. त्या वेळी तिनं पंचगंगा उपसायला सांगितली असती, तरी मी घागर शोधली असती.

"फुडं कवा आपलं घर बांधायचं झालं, तर इंजिनीअर दुसरा बगायचा."

लग्न झालं. संसार झाला. कसबा बावड्यात घरही झालं, तुम्ही बसलाय ते हेच. जन्मभर मी कोल्हापुरातल्या लोकांची घरं बांधत फिरलो, आणि स्वतःचं घर माझ्या हाताखालच्या ज्युनिअरकडनं बांधून घेतलं. बांधकामावर मी रोज जायचो, नाही असं नाही. गवंड्यांचा चहा कोण नेऊन देणार?